भुंडीचं मुस्कं

वैरागच्या पेठेत त्या काळी दोनच गोष्टींना हमखास गर्दी जमायची. तमाशाची कनात लागली की, आणि रामहरी शेटची मोटार बंद पडली की. त्यातही तमाशाला तिकीट होतं. मोटारीचा खेळ फुकट, आणि तोही एक दिवसाआड.

साल अठ्ठावीस-एकोणतीसचं असावं. ही मोटार जहाजातनं मुंबईला आली, मुंबईहून रेल्वेनं सोलापूरला आली, आणि सोलापूरहून वैरागला बैल जोडून आली. शेवटचा भाग रामहरी शेट कधी सांगायचे नाहीत. पण बैल ज्याचे होते तो सांगायचा, आणि न विचारता सांगायचा. शेटची धान्याची आडत होती. बार्शी-वैराग उतारू न्यायचे, येताना पेंडीची पोती आणायची, असा त्यांचा बेत. सडक म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा, पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल. मोटारीला रस्ता असा नव्हताच. जिथनं ती गेली तो रस्ता.

पहिला ड्रायव्हर गुंडा म्हणून होता. तो बार्शीच्या एका फडामागं निघून गेला. ढोलकीच्या नादानं गेला, असं शेट म्हणायचे. आता ढोलकीच्या नादानं जाणारा माणूस बायकोचे पैंजण कशाला बरोबर नेईल, असं गाव विचारायचं. ते असो. गुंडा गेला आणि त्याचा क्लीनर येडू त्या जागेवर बसला.

येडू धनगराचा. मोटार पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा तो ओढ्याकाठी मेंढरं राखत होता. आवाजानं मेंढरं रानोमाळ उधळली. दुसरा कुणी मेंढरांमागं पळाला असता. हा मोटारीमागं पळाला. संध्याकाळी मेंढरं आपली आपण घरी आली, येडू आला नाही. तो शेटच्या आडतीपुढं मोटारीच्या चाकापाशी बसून होता, जसं एखादं कोकरू चुकून दुसऱ्याच मेंढीला लुचायला जावं तसं.

त्याची आई केराबाई त्याला न्यायला आली आणि मोटारीकडं बघून म्हणाली, "ह्या मुडद्याला दूध न्हाय, लोकर न्हाय, लेंडी सुदिक न्हाय. काय बघतुयास?"

"आये, हिचा दम बघ की!"

दम! तेच तर हिच्यात नव्हतं. आणि पुढं सगळी गोष्ट त्या दमावरच येऊन ठेपली.

येडूचं लगीन लहानपणीच लागलेलं. बायको चिमाबाई, बाणमाळावरच्या धुळाप्पाची लेक. धुळाप्पा म्हणजे मोठा मेंढपाळ, त्याहून मोठ्या त्याच्या मिशा, आणि मिशांहून मोठा त्याचा टकरीचा एडका. त्या एडक्याला तो रोज अंडी चारायचा, आणि बायकोला सांगायचा की कोंबड्या घालत नाहीत. पोर वयात आली, आता सासरी धाडायची, असं ठरलं. येडूला वाटलं, चारचौघांसारखं पायी कशाला न्यायची? मोटारीतनं नेऊ. शेटचे पाय धरून त्यानं दिवाळीत मोटार मागून घेतली आणि बाणमाळाकडं निघाला.

बाणमाळावर जायला एकच वाट. तिला घोरपडीची चढण म्हणत, कारण घोरपडीशिवाय ती कुणाला सरळ चढता येत नसे. सगळा मुरूम आणि गोटे. निम्म्यावर थोडी सपाटी, बैलांना श्वास घ्यायला, आणि तिथनं पुढं पुन्हा छातीवर येणारा चढ. मोटार पायथ्यालाच ठसकली. एकदा, दोनदा, आणि मग म्हातारीनं मान टाकावी तशी गप झाली.

वर माळावर अख्खी वस्ती गोळा झाली होती. धुळाप्पा बैलजोडी घेऊन खाली आला, सोबत ढोलवाले. मोटारीला दोर बांधला, ढोल सुरू झाला, आणि वरात निघाली. पुढं बैल, मागं मोटार, मोटारीत चाक धरून बसलेला जावई.

"जावईबापू," वर दारात पोचताच धुळाप्पा मिशी पिळत म्हणाला, "ह्यो काय नवा कुळव म्हनायचा का?"

"मोटार हाय मामा."

"मोटार व्हय! मला वाटलं, बैलामागं बांदत्यात म्हंजी कुळवच."

वस्ती अशी हसली की बैल बुजले. आणि येडूचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "मामा, आज तिला बरं न्हाय. न्हायतर असल्या चढणी ती पळत चढती."

"असं? मग ऐका," धुळाप्पानं सगळ्यांकडं बघत आवाज चढवला. "चैताच्या जत्रंला देवाची पालखी हलायच्या आत ही चढण तुमची मोटार आपल्या दमावर चढली, बैल न्हाय, दोर न्हाय, मान्साचा हात न्हाय, तर चिमी तिच्यातच बसवून न्या. न्हाय चढली तर मोटार सोडायची, आनी हितं येऊन माजी मेंढरं राखायची. चिमी बी हितंच, तुमी बी हितंच."

"म्हंजी घरजावई?"

"लाजताय कशाला? मेंढक्या म्हना हवं तर."

येडूनं पुढं होऊन बिरोबाच्या ठाण्यातला भंडारा उचलला. धनगरानं भंडारा उचलला की बोलणं संपलं. आता माघार नाही. आत दाराआड बांगड्या वाजल्या, आणि चिमाबाई पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली. येडूनं हात पुढं केला.

"तुमास्नी न्हाय," ती खाली बघत म्हणाली, "मोटारीला. ती तापलीया."

पुन्हा हशा. पण येडूला त्या तांब्यानं जी धार चढली ती पुढं सहा महिने उतरली नाही.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा केराबाईनं चाती खाली टाकली. चाती म्हणजे लोकर कातायची टकळी, जी जेवतानाही तिच्या हातातनं सुटत नसे.

"घरजावई? मी जित्ती असताना? त्या मिशाळ्याच्या दारात माझा ल्योक?"

"चढल की आये. भंडारा उचललाय."

"मग भंडाराच तारील," केराबाई म्हणाली, आणि उठून देव्हाऱ्यातली वाटी घेऊन आली.

आता केराबाईच्या भंडाऱ्याची गोष्ट सांगायला पाहिजे. तिचा नवरा एका सकाळी घाईघाईनं कपाळाला भंडारा न लावता रानात गेला आणि त्याच्यावर वीज पडली. त्या दिवसापासून तिच्या उंबऱ्याबाहेर पडणारी एकही गोष्ट पिवळी झाल्याशिवाय पडली नाही. येडू, कुत्रं, मेंढरं. शेजारणीची उसनी आणलेली चाळणी परत देताना तिलाही बोट लागायचं. लोक मागं हसायचे, पण पुढं कपाळ करायचे. तेव्हा मोटार कशी सुटणार?

मोटारीचं कपाळ कुठलं, हा मात्र प्रश्न होता. केराबाईनं चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"पुडचे दिवे हैत ते डोळं. मग त्यांच्या वरती कपाळ," येडू म्हणाला.

"तितं नुसता पत्रा हाय. पत्र्याला काय जीव असतूया? धग कुटं लागती?"

येडूनं इंजिनावरचा पत्रा उचलून दाखवला. आतनं उष्ण वाफ तोंडावर आली. केराबाईनं मान डोलावली. "धग हितं, म्हंजी जीव हितं." आणि मूठ भरून भंडारा तिनं इंजिनावर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

तेव्हापासून रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी मूठभर भंडारा इंजिनावर. एरवी सगळ्यांना बोटभरच लागायचं. आता सुनेचा प्रश्न होता, म्हणून मूठ.

येडूनं सोलापूर गाठलं. विजापूर वेशीत दस्तगीर मिस्त्रीचं दुकान होतं. दस्तगीरला मोटारीचा आवाज ऐकून कळायचं की ही कशानं आजारी आहे, आणि गिऱ्हाइकाचा आवाज ऐकून कळायचं की ह्याला किती गप्पा मारायच्या. येडूची कहाणी ऐकून तो पोट धरून हसला.

"बीवी के वास्ते इंजन तगडा करना है? हौ! हजार मोटारां आए, ऐसा काम पहली बार आया."

मग त्यानं मोटार खोलली. सिलिंडरच्या डोक्यावर काजळीची साय धरली होती, ती खरवडून काढली. झडपा पेस्ट लावून घासल्या, म्हणजे त्या घट्ट बसाव्यात आणि आतली हवा कुठंही निसटू नये. ठिणगी आधी पाडायची की उशिरा, हे ठरवणारा चाकाजवळचा दांडा असतो. तो चढावर कसा हळूहळू पुढं-मागं करायचा ते शिकवलं. "घोड़े कू चाबूक कब मारना, वो मालूम होना," तो म्हणाला.

संध्याकाळी येडूनं मोटार किल्ल्याच्या खंदकाशेजारच्या चढावर घातली. आणि काय सांगावं! एरवी ठसकत चढणारी मोटार गुरगुरत वर गेली. एक टांग्याचं घोडं बिथरून पानाच्या ठेल्यात शिरलं. येडू वरनं ओरडला, "चढली! चढली!" टांगेवाला खालनं ओरडला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

येडू वैरागला आला तो वाऱ्यावर. आईला सांगितलं. आईला आनंद झाला, आणि आनंदानं तिनं दोन मुठी भंडारा टाकला. दोन-चार दिवसांत मोटार पुन्हा ठसकू लागली.

"नजर लागली," केराबाई म्हणाली. "त्या मिशाळ्याचीच." आणि तीन मुठी.

येडू पुन्हा सोलापूरला. या वेळी दस्तगीरनं इंजिनाचं डोकं उतरवलं आणि गिरणीच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मेव्हण्याकडनं तासून घेतलं, नखाच्या जाडीएवढं. आतली जागा कमी झाली की हवा जास्त दाबली जाते, आणि दाबलेली हवा जोरानं ढकलते. तोंड घट्ट मिटून गाल फुगवून फुंकर मारली की शेंगदाण्याचं फोलपट लांब उडतं, तसं. धुराच्या नळीला आवाज दाबायचा जो डबा असतो तोही काढून टाकला, म्हणजे धूर झटकन बाहेर पडावा. त्यानं दम वाढला की नाही कोण जाणे, आवाज एवढा वाढला की वैरागच्या बार्शी वेशीत शिरलेली मोटार पेठेतल्या आडतीवर ऐकू यायची आणि हमाल पोती टाकून बाहेर यायचे.

शेवटी येडूनं मोटारीचं वजन उतरवलं. वरचं कापडी छत काढलं. दारं काढली. मागची गादी आणि फळ्या काढल्या. पुढची काच काढली. रामहरी शेट आडतीच्या पायरीवर उभे राहून आपली मोटार सोललेल्या कोंबडीसारखी बघत होते.

"अरे, उतारू कुठं बसवायचे?"

"शेट, जत्रंपतूर. मग परत बशिवतो."

"आणि ऊन?"

"उनाला कुटं तिकीट हाय?"

शिंगं नसलेल्या शेळीला भुंडी म्हणतात. छत गेलं तशी गावानं मोटारीला भुंडी म्हणायला सुरुवात केली, आणि नाव बसलं ते बसलं.

पण भुंडी वैरागात आली की पुन्हा तेच. सोलापुरात वाघीण, वैरागात मांजर. येडू रात्री झोपेत मेंढरं हाकायला लागला. जत्रा जवळ आली. तो शेवटचा म्हणून दस्तगीरकडं गेला.

दस्तगीरनं या वेळी दुसरंच काही खोललं. हवा आणि पेट्रोल जिथं एकत्र होतं ती पितळी कुपी, कार्बुरेटर. तिच्या तोंडात बोट घालून फिरवलं, बाहेर काढलं, आणि बोटाकडं बघत राहिला. बोटावर पिवळाजर्द चिखल.

"या अल्ला. येडू, तू इसकू पुरनपोली खिलाता क्या?"

येडूनं बोट बघितलं. नाकाजवळ नेलं. पेट्रोलच्या वासामागं हळदीचा वास होता. आणि त्याच्या डोळ्यांपुढं आईची वाटी आली.

"हे बघ," दस्तगीर कुपीच्या तोंडाकडं दाखवत म्हणाला, "ये इसकी नाक है. इधर से साँस लेती. नाक में हल्दी भरा तो दौड़ेगी क्या? अम्मा कू बोल, बस कर."

"तुमीच सांगा तिला."

"मैं? नक्को बाबा. मेरेकू बाल-बच्चे हैं."

कुपी धुऊन साफ केल्यावर दस्तगीरनं आणखी एक गोष्ट सांगितली. "पेट्रोल की टंकी तेरे बैठक के नीचे. मोटार नाक ऊपर करके चढ़ी तो पेट्रोल आगे जाताच नहीं. ऐसे टाइम पे उलटी घुमा. पीठ आगे, नाक पीछे. और उलटी चाल में इसका ज़ोर सबसे जास्ती. पाँव के नीचे तीन पट्ट्या हैं, बीच की दाब, और चल."

"सासऱ्याच्या दारात पाटमोरा जाऊ?" येडू ताडकन म्हणाला. "जीव गेला तरी न्हाय!"

"मर्ज़ी तेरी," दस्तगीर म्हणाला. "मेंढरां अच्छे जानवर हैं."

आईला कसं सांगायचं, हे येडूला काही सुचेना. एकदा म्हणून बघितलं, "आये, भंडारा चाकाला लाव की."

"चाकाला? देवाचा भंडारा पायाला लावू?"

"मग माज्या कपाळाला लाव, दोन बोटं जास्ती."

"तुज्या बापाला एक बोट लावायचं ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली आणि वाटी घेऊन उठली. त्या बाईला काय सांगायचं? तुझा भंडाराच मला घरजावई करतोय म्हणून? तो रोज सकाळी पूजा झाली की गावाबाहेर जाऊन कार्बुरेटर पुसायचा, आणि तेवढ्यावर जत्रेचा दिवस उजाडला.

बाणमाळाची जत्रा म्हणजे ढोल, कैताळाच्या मोठ्या झांजा, आणि पिवळं आभाळ. हजारो धनगर घोंगडी खांद्यावर टाकून जमतात आणि देवाच्या नावानं भंडारा उधळतात, मुठीनं नाही, ओंजळीनं, टोपल्यानं. येडूनं पायथ्याला मोटार उभी केली आणि वर बघितलं. घरची एक मूठ त्यानं कशीबशी पुसली होती. हा तर पिवळा ढग होता! आणि चढणीच्या दोन्ही बाजूंना माणसं भंडाऱ्याच्या पिशव्या उघडून उभी, जावयाच्या मोटारीवर उधळायला.

वर धुळाप्पा, त्याच्या शेजारी अंडी खाल्लेला एडका, आणि पलीकडं बायकांत चिमाबाई, नव्याकोऱ्या लुगड्यात, गाठोडं बांधून तयार. हातात पुन्हा तांब्या. ती सासरी जायचंच म्हणून बसली होती, हे सगळ्या वस्तीला दिसत होतं. तिच्या बापाला सोडून.

"करा सुरू, जावईबापू!" वरनं हाळी आली. "बैल हैत तयार!"

येडूनं हँडल फिरवलं. भुंडी गरजली. मागच्या चाकांना त्यानं काथ्याचे दोर गुंडाळले होते, मुरमात चाक घसरू नये म्हणून. चांगभलंचा गजर झाला, भंडारा उडाला, भुंडी चढणीला लागली. वा! काय लागली! गोटे मागं उडाले. पन्नास पावलं गेली असेल नसेल, आणि ठसका. आणखी एक. मग दोन मोठ्या शिंका दिल्यासारखा आवाज झाला, आणि भुंडी थांबली. ब्रेक धरून धरून येडूनं तिला मागं पायथ्याशी आणलं.

वर हसण्याचा पूर लोटला. धुळाप्पानं बैल खाली न्यायला सांगितले.

"थांबा मामा!" येडू गाडीवर उभा राहून ओरडला. "पालखी अजून हलली न्हाय! तवर येळ माजा हाय!"

केराबाई लगबगीनं गाडीपाशी आली. खांद्यावर नवऱ्याची जुनी घोंगडी, कमरेला चाती, हातात भंडाऱ्याची वाटी. तिनं पत्रा उचलला. येडूनं तिचा हात धरला.

"आये, नगं."

"का रं?"

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "आये, हिला नाक हाय. हितं. हिच्या नाकात भंडारा जातूया. म्हून दम कोंडतो. सोलापुरात चालती, घरी आली की बंद पडती. रोज मी पुसतो, तुला दिसू न देता."

येडूला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर वाटी टाकून निघून जाईल. आजूबाजूचे ढोलवालेसुद्धा थांबले.

"नाक हाय?" ती म्हणाली. "नाक हाय, आनी इतकं दिस तू मला सांगत न्हाईस? मुडद्या, नाकात गेलं तर देवाचा एडका बी शिंकतो! त्यात देवाला कशाचा राग?"

"तुला वाईट वाटल म्हून..."

"वाईट वाटल म्हून घरजावई व्हतोस? लई शाना! मेंढरं कातरताना बारीक लोकर उडती, तवा आमी काय करतो? तोंडाला फडकं बांदतो का कातरनं सोडतो? गव्हात जाताना बैलाला मुस्कं घालतो का बैल इकतो? बघतुयास काय? कुटं हाय तिचं नाक?"

आणि तिनं खांद्यावरची घोंगडी काढली. क्षणभर हात थांबला. मग तिनं दाताखाली कोपरा धरला आणि चर्रकन फाडला. नवऱ्याची घोंगडी, जिला तिनं कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. चातीला गुंडाळलेल्या लोकरीच्या सुतानं तिनं त्या तुकड्याची चटकन पिशवी शिवावी तशी चुणी घातली.

येडूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं कार्बुरेटर खोलला, तोंडानं फुंकून साफ केला, तोंड पिवळं झालं. मुस्कं त्यानं इंजिनाच्या तेलात जरासं भिजवून पिळलं, म्हणजे धूळ, भंडारा, जे येईल ते बाहेरच चिकटावं आणि घोंगडीच्या जाड विणीतनं नुसती हवा आत जावी. मग कुपीच्या तोंडावर ते करकचून बांधलं.

"आता टाक," तो आईला म्हणाला.

"नक्की?"

"टाक आये. पोटभर टाक."

केराबाईनं सगळी वाटी उपडी केली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

हँडल फिरलं. भुंडी एकदा खाकरली आणि अशी गुरगुरली की पुढच्या रांगेतली माणसं मागच्या रांगेत गेली. येडूनं दांडा सरकवला, पाय दाबला. दोन्ही बाजूंनी भंडाऱ्याच्या ओंजळी. दिसेना, काही दिसेना, नुसतं पिवळं! पण आवाज अखंड. ठसका नाही, शिंक नाही. भुंडी मुरूम उडवत, गोट्यांवरनं उसळत, निम्म्यावरच्या सपाटीवर येऊन उभी राहिली. खालनं केराबाईची आरोळी आली ती वरच्या देवळापर्यंत गेली.

आता वरचा अर्धा. छातीवर येणारा. येडूनं नाक वर करून गाडी घातली. दोन कासरे वर गेली आणि आवाज बारीक झाला. ठसका नव्हे, ही दुसरीच तऱ्हा. दिवा तेल संपल्यावर विझतो तशी. येडू सपाटीवर परत आला. टाकीत पेट्रोल होतं, पण पुढं पोचत नव्हतं. दस्तगीरचे शब्द कानात वाजू लागले. उलटी घुमा.

वर मिशा. मिशांपुढं पाठमोरा जावई. जन्मभर वस्ती नाव ठेवील. आणि तेवढ्यात देवळाकडं शिंग फुंकलं गेलं. पालखी उचलायचं शिंग. येडूनं वर बघितलं. बायकांच्या घोळक्यातनं चिमाबाई पुढं आली होती, अगदी चढणीच्या कडेला. तांब्या तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"जळ्ळी ती लाज!" येडू म्हणाला. सपाटीवर त्यानं भुंडी वळवली, पाठ डोंगराकडं केली, मान मागं वळवली, पायाखालची मधली पट्टी दाबली.

बाप रे! भुंडी उलटी निघाली ती एखाद्या हट्टी म्हशीसारखी, हळू, पण कुणाच्या बापाला न थांबणारी. चाकाचे दोर तुटून उडाले. रेडिएटरची वाफ आणि भंडारा एक झाले. ढोलवाल्यांना राहवेना, ज्यांना धुळाप्पानं हसण्यासाठी बोलावलं होतं त्यांनीच ढोल पिटायला सुरुवात केली. एक दगड चाकाखाली आला, गाडी तिरकी झाली, थांबली की काय, थांबली की काय... नाही! चढली! भुंडीची पाठ माळावर टेकली, मग पोट, मग नाक. पालखी अजून भोयांच्या हातातच होती, खांद्यावर गेली नव्हती.

टोप्या उडाल्या. फेटे उडाले. एकाचं धोतरही सुटलं म्हणतात.

धुळाप्पा मात्र मिशी चावत उभा होता. "हे चालत न्हाय. मोटार उलटी चढली. उलटं आलं त्याला येणं म्हनत्यात व्हय? भ्याली म्हून पाट फिरिवली तिनं."

येडूचं तोंड उतरलं. आणि बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आबा, तुमचा एडका टक्कर द्यायच्या आदी काय करतो?"

धुळाप्पानं लेकीकडं बघितलं. मग एडक्याकडं बघितलं. टकरीच्या एडक्याला मागं सरताना माळावरच्या शेंबड्या पोरानंही बघितलं होतं. तो जेवढा मागं सरेल तेवढी टक्कर मोठी. मागं सरला म्हणून एडका भ्याला, असं म्हणणाऱ्याला धनगर वाड्यात कुणी पाणी विचारत नाही.

एक म्हातारा पहिल्यांदा हसला. मग दुसरा. मग सगळा माळ. शेवटी मिशाही हलल्या.

"लेक माझीच हाय," धुळाप्पा म्हणाला. "न्या, जावईबापू. माज्या घरात दोन एडकं नगंत."

चिमाबाईनं तांब्या आधी रेडिएटरमध्ये रिकामा केला. मग तिनं गाडीत डोकावून बघितलं आणि घोटाळा झाला. मागची गादी नाही, फळ्या नाहीत. वजन उतरवायच्या नादात येडूनं बायकोला बसायची जागाच काढून टाकली होती! एकच बैठक उरली होती, ड्रायव्हरच्या शेजारची. साऱ्या जत्रेसमोर, सासूसमोर, बापासमोर, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून? बायकांनी पदर तोंडात धरले. चिमाबाई क्षणभर थांबली, आणि चढून बसली. मागोमाग चढण चढून आलेली सासू मागं उघड्या पत्र्यावर, उरलेली घोंगडी खाली अंथरून, भंडाऱ्याची रिकामी वाटी मांडीवर.

"ईनबाई," धुळाप्पानं पिशवीत हात घालून विचारलं, "पाठवणीचा भंडारा टाकू का? का शिंकंल तुमची मोटार?"

"उधळा की ईवाई! मुस्कं बांदलंय!"

धुळाप्पानं अख्खी ओंजळ इंजिनावर उधळली. भुंडी हूं की चूं न करता गुरगुरत राहिली. वारा मात्र उलटा होता. तो पिवळा लोट सरळ धुळाप्पाच्या मिशांत शिरला, आणि उतार उतरून भुंडी खालच्या चाकोरीला लागेपर्यंत, ढोलाच्या वर, त्याच्या शिंका ऐकू येत होत्या.